देवाची क्षमा फेडून मिळवायची की नुसती घ्यायची?

जालना-बीडकडच्या ख्रिस्ती घरांतही हा प्रश्न निघतो.

फेडण्याचा मार्ग आपल्या अंगवळणी पडलेला. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो अन् हंगामभर कोयता चालवून फेडतो. उपास, दानधर्म, रविवारची हजेरी यांचाही तसाच हिशेब मांडणारे आहेत. त्यांची कळकळ खरी असते, पण बाकी कधी शून्य होत नाही.

घेण्याचा मार्ग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या गोष्टीत दिसतो. सगळं उधळून बसलेला मुलगा डुकरं राखता राखता वाक्यं जुळवतो: मी पाप केलंय, मला मजुरासारखं ठेवा. तो दूर असतानाच बाप धावत सुटतो, गळ्यात पडतो. मुलगा पापाची कबुली देतो, मजुरीचं वाक्य मात्र तोंडातच राहतं. अंगावर झगा, बोटात अंगठी, पायात जोडे येतात. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पश्चात्ताप इथंही आहेच, पण तो घराकडे वळण्यापुरता. किंमत ख्रिस्तानं क्रुसावर भरली, ही ख्रिस्ती श्रद्धा.

मग सत्कर्मं? बायबलमधल्याच, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ती कृपेच्या मागून येतात.

मी तर घेण्याचाच मार्ग धरते. त्याच गोष्टीत शेतातून आलेला थोरला भाऊ रुसून दाराबाहेर थांबला, तेव्हा त्याला आत बोलवायलाही बापच बाहेर आला.