मोबाईलचा सीपीएल फिल्टर, सीझनभर गरवून वापरल्यानंतर

सीपीएल म्हणजे मोबाईलच्या लेन्सवर क्लिपने लावायची, चकाकी कापणारी फिरती काच. दिवाळीच्या आधी घेतलेला, आता पाऊस तोंडावर आलाय म्हणजे अख्खा सीझन वापरून झाला, म्हणून लिहितोय. देवगडच्या खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, गरवायला (गळाने मासे धरायला) जातो, कधी खाडीत. तांबोशी, गोबरा, चोणक, जे लागेल त्याचा चांगला फोटो राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण मेल्यावर माशाचा रंग बघता बघता उतरतो आणि घरी पोचेपर्यंत तो मासा तसा राहतच नाही.

ओल्या माशावर ऊन पडलं की अंगभर पांढरी चकाकी येते आणि खरा रंग त्याखाली दबतो. फिल्टरची रिंग हळूहळू फिरवली की चकाकी जाते आणि तांबोशीचा लाल रंग एकदम वर येतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किती वेळ नुसती रिंगच फिरवत बसलेलो. पण कोन महत्त्वाचा, तिरकं काढा, पाण्याची चकाकी उभ्या रेषेपासून ५३ अंशाच्या आसपास सगळ्यात जास्त कापली जाते, बरोबर वरून काढलात तर फिल्टर असून नसल्यासारखा. चंदेरी माशांची झळाळी मात्र हा मारत नाही आणि ते बरंच आहे. ती कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांची असते, ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की युरोपातल्या तारलीसारख्या माशांत दोन प्रकारचे स्फटिक मिळून उजेड पोलराइझ न होताच, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत न लागताच, परत पाठवतात, आणि फिल्टर कापतो तो पोलराइझ झालेलाच उजेड. म्हणजे वरच्या पाण्याची चमक जाते, माशाची स्वतःची राहते!

तोटा म्हणजे उजेड खातो, एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण उजेड जातो. उजाडता उजाडता मासा फडफडत असेल तर फोटो हलतो, तेव्हा फिल्टर सरळ काढून ठेवा. आणि क्लिप एकाच लेन्सवर बसते, टू एक्स दाबलं की काही फोन दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात, ते आधी तपासा. टू एक्स हवाच पण, जवळून वाइडने काढलं की हात मोठा आणि मासा वेडावाकडा दिसतो.

बाकी काम फिल्टरचं नाही, आपलं आहे. अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथले जाणते शिकारी फोटोआधी रक्त पुसतात, जीभ तोंडात सारतात, गुडघ्यावर बसून जनावराच्या उंचीवरून काढतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तो विषय नाही, पण ही रीत माशालाही तितकीच लागू. खाऱ्या पाण्याने रक्त धुवा, कल्ले मिटवा, पर उघडा, फोकस डोळ्यावर. आणि पटकन उरका, आमचे आबा मागून ओरडतातच, "फोटो मगे काढ, आधी मासो बर्फात घाल", आणि खायचा मासा आहे तर त्यांचं बरोबरच आहे.

खाऱ्या हवेने रिंग जड होते, घरी आल्यावर गोड्या पाण्यातून काढून सावलीत सुकवतो, अजून मस्त फिरतेय. स्वस्तातला घेणार असाल तर क्लिपच्या आत रबर आहे का आणि रिंग फिरवताना क्लिप सरकते का, एवढं दुकानातच बघून घ्या.