दार्जिलिंगचे इंजिन आणि माथेरानचे इंजिन

दार्जिलिंग आणि माथेरान या दोन्ही रेल्वेमार्गांच्या रुळांमधले अंतर दोन फूट, दोन्ही घाटातले. तरीही वळणांचा प्रश्न त्यांच्या इंजिनांनी अगदी वेगळ्या रीतीने सोडवला. दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गाला, ज्याचे पहिले इंजिन 1889 मध्ये आले, चारच चाके आहेत. एवढ्या आखूड बांध्यामुळे ते तीव्र वळणे सहज घेते, मात्र चाके घसरू नयेत म्हणून पुढच्या बाजूला बसलेली माणसे रुळांवर हाताने वाळू टाकतात. नेरळ–माथेरान मार्ग 1907 मध्ये सुरू झाला, तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची एकमेकांना जोडलेल्या सहा चाकांची इंजिने आणण्यात आली. त्यांचे टोकाचे आस पोकळ असून आतल्या गाभ्याभोवती किंचित आडवे सरकतात, म्हणून वळणावर चाकांची माळ रुळांशी जुळवून घेते. अभियांत्रिकी म्हणून मला माथेरानचीच युक्ती सरस वाटते.

जतनाच्या बाबतीत मात्र दार्जिलिंगचे पारडे जड आहे. 1999 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या त्या मार्गावर जुनी इंजिने आजही दार्जिलिंग–घूम फेऱ्या करतात. त्यासाठी भाग बदलावे लागतात, म्हणजे मूळ धातू हळूहळू कमी होतो, हे खरे; पण इंजिन चालवण्याचे आणि दुरुस्तीचे कसब टिकून राहते. माथेरानची वाफेची इंजिने 1980 च्या दशकात निवृत्त झाली. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, पण उभ्या इंजिनात ते सरकणारे आस काय करत असत, हे पाहणाऱ्याला कळत नाही.