जुन्या जालन्यातली गिरणी: एका भाकरीवालीचं मत

मी जालन्यात ऑर्डरच्या भाकरी करून देते. रोजच्या शंभरेक, आखाडात दुप्पट. म्हणजे दिवसाला दहा-बारा किलो ज्वारीचं पीठ माझ्या हाताखालून जातं. तेव्हा हॉटेलाबद्दल, साडीच्या दुकानाबद्दल मला विचारू नका, पण गिरणीबद्दल विचारा. बावीस वर्षांत पाच गिरण्या सोडल्या. ही सहावी, आणि हिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

जुन्या जालन्यात, चर्चच्या मागच्या बोळात आहे. पाटी नाही. पट्ट्याचा आवाज ऐकत जायचं. मालक सत्तरीकडे झुकलेले, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. आमच्याच मंडळीतले आहेत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणी म्हणेल चर्चची माणसं एकमेकांची जाहिरात करतात. त्या नात्याने मी तिथे गेलेच नव्हते. उलट आठ वर्षं एका बाकावर बसून मी दळण दुसरीकडे नेत होते. आपल्या माणसाशी व्यवहार नको, घासाघीस करता येत नाही.

आधी पिठाचं. ज्वारी फार बारीक दळली आणि दगड तापलेला असला की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग कितीही उकळतं पाणी घालून मळा, थापताना कडेला चिरा पडणारच. जाड राहिलं तर पापुद्रा सुटत नाही. इथलं पीठ डब्यात हात घातला तर कोमट लागतं, चटका बसत नाही. मामा धान्याची धार बारीक सोडतात आणि सावकाश दळतात. त्यामुळे रांग लांब होते, ते पुढे सांगतेच. मालदांडी ज्वारी असेल तर या पिठाची भाकरी दुपारची संध्याकाळीही मऊ राहते. माझी निम्मी गिऱ्हाइकं डबेवाली आहेत, मला याचंच महत्त्व.

दुसरी गोष्ट कचेची. दगड झिजले की त्यांना टाकी लावतात, छिन्नीने पुन्हा खरबरीत करतात. त्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा किलोंत दगडाची कच उतरते, आणि ते पाच-सहा किलो कोणाच्या तरी डब्यात जातात. माझ्या डब्यात दोनदा गेले होते, दुसऱ्या एका गिरणीत. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, ‘बाई, भाकरीत वाळू घालता काऊन?’ इथे सोमवारी दुपारी टाकी लागते आणि पहिल्यांदा मामांची स्वतःची बाजरी आत पडते. ते पीठ कोंबड्यांना. कोंबडीला कच चालते.

आणि घट. ज्याला दळणाची सवय नाही त्याला हे माहीत नसतं. दहा किलो टाकले तर दहा किलो परत येत नाहीत. थोडा ओलावा उडतो, थोडं पीठ हवेत जातं, थोडं दगडांच्या मध्ये अडकून राहतं. सकाळी मोकळ्या गिरणीत ज्याचं दळण पहिलं पडतं, त्याचं सगळ्यात जास्त अडकतं, आणि मागच्याचं धान्य ते पुढे ढकलतं. पहिलीचं पीठ दुसरीला, दुसरीचं तिसरीला, आणि रात्री जे उरतं ते मालकाला. वर्षाचे किती किलो होतात याचा हिशोब कोणी मांडत नाही. मामा मांडतात. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला वजनात जेवढं कमी पडेल तेवढं ते आपल्या पिंपातून घालतात आणि रात्री दगडातलं झाडून पिंप भरून घेतात. काट्याशेजारी पाच किलोचं लोखंडी वजन ठेवलंय. ज्याला शंका असेल त्याने काट्यावर ठेवून बघावं. मी पहिल्या दिवशी ठेवलं होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा डबासुद्धा याच काट्यावरून जातो आणि त्यांनाही किलोला ५ रुपयेच पडतात. हे मंडळीतल्या काही जणांना खटकतं. मला फार आवडतं.

भिंतीवर लाल रंगात एक वचन रंगवलंय. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला सहावा श्लोक: कोणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखं होईल. इस्राएलात घरोघर जातं होतं, रोजच्या भाकरीपुरतं रोज दळायचे. जातं सावकाराकडे गेलं की त्या दिवशी चूल बंद. पेंटरने मात्र ‘जाते’च्या जागी ‘जाती’ लिहिलं. ‘जाती गहाण घेऊ नयेत.’ महिनाभर लोक येऊन विचारत होते की हे कोणत्या पक्षाचं आहे. पुसून घ्या म्हटलं तर मामा म्हणाले, ‘राहू द्या. तेही काही खोटं नाही.’ अजून तसंच आहे.

रांगेत एक वारकरी आजी असते, माहेर गंगाखेडचं. तिला मामांनी वचनाचा अर्थ समजावला तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या जनीसंगं तर देव बसून दळू लागायचा. तुमचा जात्यावर पहारा देतो. दोघांचं जमंल.’ मामांना यावर काही सुचलं नाही, आणि मामांना काही न सुचणं ही दुर्मिळ गोष्ट आहे.

कारण मामा बोलतात फार. गिरणी चालू असते, अर्धं ऐकू येत नाही, तरी बोलतात. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आली तेव्हा वडिलांच्या वेळची रांग पार वळणापर्यंत जायची, हे मी किमान वीस वेळा ऐकलंय. त्या मिलोच्या भाकरी कशा दगडासारख्या व्हायच्या, तेही. त्यांचे पूर्वज बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी दिवाण सालारजंगांच्या काळात निजामाकडून जमीन मिळवून जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी जी वस्ती केली, ती. मामांचं म्हणणं असं की शेषाद्रींनी नुसतं प्रवचन दिलं नाही, आधी राहायला-पिकवायला जागा बघितली. बरोबर आहे. पण ज्वारी दळून झाल्यावरही ते ऐकत उभं राहावं लागतं, आणि घरी माझं आधण उकळत असतं.

तर वचन भिंतीवर लिहिणं सोपं आहे. आमच्या घरातही ‘ख्रिस्त या घराचा स्वामी आहे’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली बसून आम्ही भाऊबंदकीचे सगळे डाव टाकलेत. इथे वेगळं काय दिसतं ते सांगते. एकदा वीटभट्टीवरची एक बाई दळणाचे पैसे नव्हते म्हणून डबा ठेवून जायला निघाली. पितळी डबा होता, पिठापेक्षा महाग. मामांनी पीठ त्याच डब्यात भरून तिच्या डोक्यावर दिला. ‘डबा ठेवून घेतला तर उद्या दळण कशात आणशील?’ एवढंच. पैसे वहीत लिहिले, माफ केले नाहीत. तिने पुढच्या आठवड्यात दिले, त्यांनी मोजून घेतले.

मागच्या दाराशी एक टिनाचा डबा असतो, त्यावर ‘सरवा’ लिहिलंय. कापणीनंतर रानात पडलेली कणसं वेचायला गोरगरीब जातात तो सरवा. बायबलातली गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात तोच वेचत होती. त्याच चोविसाव्या अध्यायात आहे की रानात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये. ती परदेशी, पोरके आणि विधवा यांची. दळण झालं की ज्याला वाटेल तो मूठभर पीठ त्या डब्यात टाकतो. डबा पुढे नाही, मागे, पडद्याआड, म्हणजे नेणाऱ्याकडे रांगेतल्या बायकांनी बघायला नको. मध्यंतरी एक बऱ्या घरची बाई तिथून पीठ नेताना मी पाहिली. मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बवाजानं गड्यांना सांगितलं होतं, मुद्दाम चार काड्या टाका आणि तिला बोलू नका.’ मला हे पटलं नाही. अजून पटलेलं नाही. रूथ गरीब होती. पण पडद्यामागे कॅमेरा लावण्यापेक्षा हे बरं, एवढं मी मानते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात गिरणीवरच्या पोराने माझी बारा किलो ज्वारी कोणाच्या तरी मुगाच्या डाळीवर ओतली. दगडात डाळ होती, वरच्या टोपात डाळ होती, सगळं एक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शंभर भाकरींची ऑर्डर. मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, याची आजची मजुरी कापा आणि मला द्या. पोरगं सोळा-सतराचं, कोपऱ्यात उभं.

मामांनी काही उत्तर दिलं नाही. रात्री नऊला सायकलवर पिशवी बांधून दारात आले. गिरणी बंद केल्यावर घरची मालदांडी काढली होती, दगड साफ करून स्वतः दळली होती. बारा किलो, वर वाटीभर जास्त. डाळवालीचंही त्यांनीच भरून दिलं होतं. मी पिशवी घेतली आणि तरी विचारलं, पोराचे कापले का?

‘तुमचं नुकसान भरून आलं का?’

‘आलं.’

‘मग अजून काय पाहिजे तुम्हाला ताई? पीठ पाहिजे होतं का पोराचं रडणं?’

ते गेले आणि मी ज्वारीच्या पिशवीशेजारी बसून राहिले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माझ्या ऑर्डरी बंद पडल्या होत्या तेव्हा या माणसाच्या वहीत माझे १९०० रुपये थकले होते. सात महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. चर्चच्या दारात भेटले तरी ‘जय ख्रिस्त’ आणि पुढे. नंतर मी हप्त्याहप्त्याने फेडले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला तो नोकर, ज्याचं फेडता न येणारं देणं राजाने सोडलं आणि जो बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, त्याच्यावर मी महिला संघात दोनदा बोललेय. चांगलं बोलले होते, लोकांनी सांगितलं.

आमच्याकडे दरवर्षी गुड फ्रायडेला न्याय आणि दया यांच्यावर प्रवचन होतं. दोन्ही वधस्तंभावर एकत्र आले, असं सांगतात. मी मान हलवायचे. कळलं ते त्या रात्री, बारा किलो पिठामुळे. मामांनी घट नाही असं म्हटलं नाही. ‘जाऊ द्या ताई, पोर आहे’ असं म्हणून माझ्या गळ्यात मारली नाही. पोराच्या गळ्यातही मारली नाही. घट होतीच, बारा किलोंची, ती कोणीतरी भरायची होती, आणि ती ज्याची नव्हती त्याने आपल्या कणगीतून भरली. शिवाय दुसऱ्या दिवशी पोराला टोपाचं झाकण कसं बघायचं ते तासभर शिकवलं. ते पोरगं अजून तिथेच आहे. आता माझा डबा बघितला की आधी दगड उघडून दाखवतं. थोडं माझ्यावर उट्टं काढल्यासारखंही करतं. काढू दे.

माझ्याकडे एक मुलगी भाकरी थापायला येते. तिला मी महिन्याने पैसे द्यायचे, तेही दहा-बारा तारखेला. त्याच चोविसाव्या अध्यायात लिहिलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. भिंतीवर एकच श्लोक आहे, पण दळणाला उभं राहून राहून मी घरी जाऊन पूर्ण अध्याय वाचला. आता रोज संध्याकाळी देते. शनिवारी विसरते कधीकधी. ती आठवण करून देते, पूर्वी देत नव्हती.

तक्रारी आहेत. बसायला एक फळी आहे, तीही पिठाने पांढरी, काळी साडी नेसून जाऊ नका. उन्हाळ्यात शेजारी मिरची कांडप चालतं आणि ठसक्याने जीव जातो. मधे आडोसा घाला म्हणून मी तीन वर्षं सांगतेय. गव्हाचं पीठ ठीक आहे, विशेष नाही. पोळीसाठी मी अजून दुसरीकडे जाते आणि मामांना ते माहीत आहे. बेसन मात्र उत्तम. मोबाइलने पैसे घेतात, पण तो स्कॅन करायचा कागद पिठाने इतका माखलेला असतो की आधी पदराने पुसावा लागतो. वीज गेली की गेली, जनरेटर नाही.

रविवारी उपासना सुटेपर्यंत कुलूप असतं, साडेबारानंतर जा. डाळी दळायच्या असतील तर दुपारी, दगड झाडून-पुसून घेतात तेव्हा. ज्वारी सकाळी आठच्या आत टाकलीत तर दहाला मिळते. सोमवारी टाळा. आणि मिलोची गोष्ट सुरू झाली तर गॅसवर दूध ठेवून आलेय म्हणा. मी तेच म्हणते.