रियाजासाठी तानपुरा: मिरजेचा, यंत्रातला की फोनमधला?

गाणं शिकायला लागून दोन-तीन वर्षं झाली, प्रवेशिका पूर्ण झाली, की बहुतेक घरांत हा प्रश्न येतो. आता तानपुरा घ्यायचा का? इलेक्ट्रॉनिक यंत्रावर भागेल का? आणि फोनमध्ये ॲप असताना या दोन्हींवर पैसे का घालायचे? माझं मत आधीच सांगते. ज्या घरात तानपुरा रोज लावून घेणारं कुणी आहे, त्या घरानं तानपुरा घ्यावा. तोवर चांगल्या स्पीकरवर ॲप. यंत्राची सोय खरी आहे, पण ती ठरावीक लोकांसाठी.

यामागचं कारण घोडीवर आहे. तानपुऱ्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची जिच्यावरून तारा जातात ती पट्टी, वरवर सपाट दिसते, पण तिच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उताराला क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. या टेकण्या-सुटण्यात तारेची ऊर्जा मूळ स्वराकडून वरच्या उपस्वरांकडे (त्याच तारेतून निघणाऱ्या चढ्या सूक्ष्म स्वरांकडे) जात राहते, आणि तारेखाली सरकवलेला दोरा हे किती व्हावं ते ठरवतो. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कोलकात्यातून प्रसिद्ध केलेल्या लेखात याच घोडीचा विचार केला होता. तार जिथं छेडली तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये असं भौतिकशास्त्राचा जुना नियम सांगत होता. तानपुऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं श्रेय या घोडीला दिलं. नंतर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तार, घोडी आणि दोरा यांचा हा खेळ समीकरणांत मांडून संगणकावर तानपुरा वाजवून दाखवला. मूळ ध्वनिमुद्रणाची त्याला गरज लागत नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण आपले कारागीर कानानं जे करतात त्याचं कारण त्यातून हाती येतं.

काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या खालच्या सप्तकातल्या षड्जाची, खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. तिचा पाचवा उपस्वर येतो ३४६ हर्ट्झच्या आसपास, आणि तो आहे तार सप्तकातला गंधार. कुठलीही तार गंधारात लावलेली नसताना तो ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. रियाजात आपला गंधार या गंधारात विरघळवायचा असतो. तानपुरा घ्यायचा तो यासाठी, आणि कुठलाही पर्याय तोलताना मी आधी हाच गंधार शोधते.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर तो नीट सापडत नाही. त्या चिमुकल्या स्पीकरला दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचे नाद जवळजवळ पेलवत नाहीत. खर्जाचा मूळ नाद गळून जातो. उरलेल्या उपस्वरांवरून कान तो मनातल्या मनात भरून काढतो, त्यामुळे खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, पण त्याचं वजन गेलेलं असतं. तेच ॲप बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जोडलं की निराळंच वाटतं. म्हणून ॲपवर रियाज करणाऱ्यानं खर्च करायचाच तर स्पीकरवर करावा.

बहुतेक ॲपमध्ये खऱ्या तानपुऱ्याच्या तारा मुद्रित केलेल्या असतात. त्यात एक बाब तपासून घ्या. काळी एक ऐका, मग काळी पाच ऐका. एकाच पट्टीतलं मुद्रण गणितानं वर सरकवलं असेल तर नाद पातळ आणि नाकातला लागतो, कारण पट्टीबरोबर जवारीचा रंगही सरकलेला असतो. पट्ट्यांसाठी वेगवेगळी मुद्रणं वापरणारं ॲप निवडा. दुसरी मर्यादा मात्र मुद्रणांवर चालणाऱ्या कुठल्याच ॲपला चुकत नाही. ठरावीक मुद्रणंच पुन्हा पुन्हा वाजत असतात. हातानं छेडलेल्या तानपुऱ्यात प्रत्येक आवर्तन किंचित वेगळं असतं, आधीची तार विरत असताना पुढची तिच्यात मिसळते आणि भोपळा दोन्हींना एकत्र बोलतं करतो. तसंच्या तसं आवर्तन अर्धा तास ऐकलं की कान ते ऐकणंच सोडून देतो.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूमध्ये जी. राज नारायण यांनी तयार केला, आणि त्यानं एकट्यानं रियाज करणाऱ्यांची मोठी अडचण दूर केली. आधीच्या यंत्रांचा आवाज उघडच कृत्रिम होता. आताची यंत्रंही मुद्रित नाद वाजवतात, त्यामुळे नादाच्या बाबतीत यंत्र आणि ॲप यांच्यात मोठं अंतर राहिलेलं नाही. मग यंत्र कुणी घ्यावं? ज्यांना रियाजाच्या वेळी फोन समोर नको आहे त्यांनी. लहान मुलांच्या बाबतीत हे कारण मला पुरेसं वाटतं. रोज भजनाला किंवा क्लासला जाणाऱ्या, तंत्रज्ञानाशी झगडायची इच्छा नसलेल्या ज्येष्ठांनीही घ्यावं: बटण दाबलं की सूर सुरू. बाकीच्यांनी ते पैसे तानपुऱ्यासाठी साठवावेत.

पेटीचं काय, असं बरेच पालक विचारतात. साथीला पेटी उत्तम आहे, पण षड्ज भरण्याचं काम तिला देऊ नये. समान अंतरांत लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). कच्चा गळा तोच गंधार पक्का करून बसतो. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी संगीताचे अभ्यासक कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुती-पेटीच्या (श्रुतींप्रमाणे लावलेल्या पेटीच्या) प्रयोगांना साथ दिली, ती याच अडचणीवर उपाय शोधायला.

आता स्वर तपासून आलेख दाखवणाऱ्या ॲपबद्दल. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ मध्ये सुरू झालेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात आपल्या रागसंगीताचं संगणकी विश्लेषण झालं. ध्वनिमुद्रणातला गायकाचा षड्ज कोणता हे संगणकाला ओळखायला शिकवताना तिथल्या संशोधकांना आधार मिळाला तो मागे चालू असलेल्या तानपुऱ्याचा. ‘रियाज’ हे ॲप त्याच प्रकल्पातून बाहेर पडलेल्या संशोधकांच्या कंपनीचं. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला आपला पंचम चढतो की उतरतो हे डोळ्यांनी दिसतं, हा त्याचा फायदा. पण रोज आलेख बघत गाऊ नये. डोळ्यांनी स्वर पकडायची सवय लागली की कान आळसावतो. आठवड्यातून एकदा तपासणीपुरतं ठेवा.

खऱ्या तानपुऱ्याचं सर्वांत मोठं देणं म्हणजे तो लावावा लागतो. आधी जोडी, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा, एकमेकींत मिळवायची, मग खर्ज, मग पंचम. खुंटीनं जवळ आणायचं, तारेत ओवलेल्या मण्यानं नेमकं करायचं, शेवटी दोरा केसभर सरकवून जवारी उघडायची. काही रागांत पंचम नसतो: मालकंस गायचा तर पंचमाची तार मध्यमावर, मारवा गायचा तर निषादावर. या पंधरा मिनिटांत कानाची जी तयारी होते ती बटण दाबून होत नाही. मात्र हे करणारं कुणी नसेल तर बेसूर तानपुऱ्यावर गाण्यापेक्षा ॲप शंभरपट बरं, हेही तितक्याच ठामपणे सांगते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे झेपत नाही. आई, बाबा किंवा गाण्याच्या बाईंनी लावून द्यायला हवा.

हवामानाचाही विचार करा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात आणि तारा गंजतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये हिवाळ्यात घर तापवलं की हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात. भोपळा विमानातून न्यायचा म्हणजे जिवाला घोर. परदेशी राहणाऱ्यांना मी लाकडी, चपट्या तानपुरीचा सल्ला देते. खर्ज कमी भरतो, पण लावण्याचा अभ्यास तोच.

पैशांचं गणित सोपं आहे. ॲप फुकट किंवा काही शे रुपयांत, यंत्र काही हजारांत, मिरजेचा चांगला तानपुरा दहा हजारांच्या पटींत. शिवाय अधूनमधून जवारी काढून (घोडीचा उतार पुन्हा घासून) घ्यायचा खर्च, जो फक्त तानपुऱ्याला लागतो.

घ्यायचं ठरलं तर मिरजेला स्वतः जा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या या कारागिरीला, मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नुसत्या फोटोवरून मागवू नका. गाणाऱ्याला बरोबर न्या आणि पट्टी आधी ठरवा, कारण तारांची जाडी, दांडीची लांबी आणि जवारी सगळं पट्टीवर अवलंबून आहे. काळी एकचा तानपुरा काळी चारला चढवता येत नाही. मुलगा बारा-तेराचा असेल तर आवाज फुटून स्थिरावेपर्यंत थांबा, नाहीतर दोनदा खरेदी होईल. दुकानात तारा जुळवून घेतल्यावर लगेच उठू नका. अर्धा तास बसा, खुंट्या सूर धरतात का बघा, मग डोळे मिटून खर्जातला गंधार शोधा. सापडला की तारांचा एक जादा संच घ्या, आणि दोरा कसा आणि किती सरकवायचा ते त्या कारागिराच्या हाताखाली बसून शिकून या.