भातुकलीतला खाऊ विणायचा तर लोकर की सूत?

क्रोशाच्या विणकामात साखळी, मुका खांब, खांब एवढे टाके हातात बसले की रुमाल आणि तोरणं विणायचा कंटाळा येतो आणि नजर भातुकलीकडे वळते. मोदक, वांगी, मिरच्या, वडापाव, बाकरवडी. जोडीला घरात लागणारं किडूकमिडूक: पेल्याखालची बैठक, कुकरखाली ठेवायचं जाड आसन, भांड्यांची घासणी. सगळं छोटं, एका बैठकीत संपणारं. अडतं ते सामान घेताना. ॲक्रिलिकची लोकर घ्यावी की सूत? मी दोन्हींतून बरंच विणलंय. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण लोकरीला उगाच नावं ठेवणार नाही. काही ठिकाणी तिला तोड नाही.

आधी सरळ हिशेबाचं बोलू. पुण्यात रविवार पेठेत किंवा तुळशीबागेच्या आसपास 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात, ते जवळजवळ सगळे ॲक्रिलिकचेच असतात. वर्धमान, गंगा ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. सुताच्या मानाने भाव कमी, आणि त्यात वजनाचाही फायदा. सुताची घनता १.५ च्या आसपास, ॲक्रिलिकची १.१७ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जाडीचा आणि तेवढ्याच ग्रॅमचा गुंडा घेतला तरी लोकर लांबीला जास्त भरते. रंगांचं तर विचारू नका. हिरव्याच्या एवढ्या छटा असतात की कोथिंबीर, सिमला मिरची आणि कच्ची कैरी तीन वेगळ्या गुंड्यांतून निघावी. सुतात दुकानदार दोन हिरवे समोर ठेवतो आणि "हेच चालतात" म्हणतो. (पुरुष गिऱ्हाईक असेल तर त्याआधी "वहिनींना कितीची सुई लागते?" हेही विचारतो. सवयीने उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं.)

हातालाही लोकर सोपी. तिला ताण आहे, सुईबरोबर ती थोडी येते, टाका घट्ट पडला तरी पुढच्या फेरीत सुई घुसते. सूत मुळीच येत नाही. मुका खांब घट्ट विणायचा, तोही बारीक सुईने, आणि दोरा मात्र जागचा हलायला तयार नाही, असं तासभर केलं की अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. ज्यांना मनगटाचा त्रास आहे त्यांनी हे मनावर घ्यावं. अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घेतली तर दुखणं कमी होतं, पण टाक्यांमधल्या फटी वाढतात, आणि खाऊत फटी चालत नाहीत. त्याकडे येतोच.

आणखी एक: सुताचे पदर सुटतात. सुई चार पदरांऐवजी तिनांतूनच जाते, चौथा बाहेर लोंबत राहतो, आणि ते दोन फेऱ्या पुढे गेल्यावर दिसतं. लोकरीत हे क्वचित होतं. टोकाला फार अणकुचीदार नसलेली सुई घेतली तर सुतातही कमी होतं, एवढंच म्हणेन.

एवढं सगळं लोकरीच्या पारड्यात टाकल्यावर, मी सुताकडे का वळलो?

बुरशी. म्हणजे खरी बुरशी नव्हे, तसं दिसणं. ॲक्रिलिकचे तंतू आखूड तुकड्यांचे, हलके पिळलेले असतात. घासले की त्यांची टोकं वर येतात, लव उठते, आणि लवेचे गोळे होतात. स्वेटरला होतात तेच. अस्वलाला, सशाला असे गोळे आले तर बिघडत नाही. प्राणी केसाळच असतो, उलट जुना झाला की जास्त लाडका दिसतो. पण वडापावावर राखाडी लव आली की तो वडापाव चार दिवस डब्यात विसरल्यासारखा दिसतो. मोदकावर आली तर विचारायलाच नको. माझ्या भाचीने तिच्या खेळातल्या दुकानातून मला पाव परत केला होता, "मामा, हा नको, याला बुरशी आलीय." वय लहान, पण घर पुण्यातलं, पावसाळ्यात पावाला काय होतं ते तिने पाहिलेलं. त्यावर काही बोलता येईना.

गोळे काढता येतात. दाढीचं ब्लेड हलक्या हाताने फिरवायचं, किंवा गोळे कापायचं छोटं मशीन मिळतं ते वापरायचं. पण प्रत्येक वेळी थोडे तंतू जातात, विण पातळ होते, आणि मुलांचा हात लागला की महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय भातुकलीतला खाऊ तोंडात जातोच. कितीही सांगा, दीड-दोन वर्षांचं मूल मोदक चावून बघतंच. सुटलेली लव तोंडात जावी हे मला तरी पटत नाही. २०१६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात असा अंदाज मांडला होता. आपण विणतो तो खाऊ मूठभर असतो, त्यामुळे हा आकडा फार ताणायचा नाही. पण डोळ्यांना जे दिसत होतं त्याच्याशी तो जुळला.

सुताला लव येतच नाही असं नाही. साध्या, मंद पोताच्या सुताला थोडी येते. पण ती आखूड राहते, गोळे धरत नाही, आणि मला वाटतं भाकरीवर किंवा पावावर ती शोभतेसुद्धा. चकचकीत, मर्सराइझ केलेल्या सुताला तर जवळजवळ नाहीच. या प्रक्रियेची गंमत अशी, की इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८४४ मध्ये कापसाच्या कापडावर कॉस्टिक सोड्याचा परिणाम पाहिला, तेव्हा ताकद वाढली, रंग चांगला बसायला लागला, पण कापड आटलं. चमक आली ती १८९० च्या सुमारास, होरेस लो याने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केल्यावर. विणणाऱ्याला याचा उपयोग असा: वांगं, टोमॅटो, मिरची, चेरी अशा तुकतुकीत सालीच्या गोष्टी चकचकीत सुतात, आणि भाकरी, पाव, बटाटा, आलं साध्या सुतात. दोन प्रकार शेजारी ठेवले की न सांगता कळतं काय शिजलेलं आणि काय ताजं. लोकरीत सगळं एकाच पोताचं होतं. टोमॅटोही स्वेटर घालून आल्यासारखा.

आता त्या फटींचं. आत भरायला बहुतेक जण पॉलिएस्टरचा पांढरा भरणा वापरतात, मीही तोच. कापूस धुतल्यावर आत गठ्ठा होतो आणि वांगं कुबड्यासारखं दिसतं. लोकरीची विण ताणते, त्यामुळे भरणा जास्त झाला की टाके उघडतात आणि गडद वांग्यातून पांढरे ठिपके डोकावतात. गुंड्याच्या चिठ्ठीवर ४ मिलिमीटरची सुई लिहिलेली असली तरी खाऊसाठी ३ ची घ्या, निम्मं काम होतं. मुक्या खांबात सुईवर दोरा वरून न घेता खालून ओढला तर टाका फुलीसारखा, आणखी घट्ट पडतो. सूत मुळात ताणत नाही, म्हणून तिथे या युक्त्या कमी लागतात.

मोदकात हा फरक सगळ्यात स्पष्ट होतो. मी आधी साधा, टोकदार गोळा विणतो, भरतो, आणि मग त्याच रंगाचा दोरा शेंड्यातून घालून तळाशी काढतो, बाहेरून पुन्हा शेंड्याशी आणतो, ओढतो. असं गोल गोल करत गेलं की पाकळ्या पडतात. सुतात ओढ जिथे दिली तिथेच राहते. लोकरीत दोराही ताणतो, गोळाही ताणतो. संध्याकाळी नीट दिसणारा मोदक थोड्या दिवसांत कांदा होतो. उठावाच्या खांबांनी, म्हणजे खालच्या फेरीतल्या खांबाभोवती सुई घालून विणलेल्या खांबांनी, पाकळ्या विणूनच काढल्या तर लोकरीतही टिकतात, पण मग मोदक जाडजूड होतो, उकडीचा वाटत नाही. बाकरवडीचं उलट. दोन लांब पट्ट्या, एक पिवळसर, एक मसाल्याच्या रंगाची, एकावर एक ठेवून गुंडाळायच्या आणि टाके घालायचे. इथे लोकर चांगली, कारण ती फुलते आणि गुंडाळी भरीव दिसते. सुताची बाकरवडी जरा कोरडी दिसते. आता बाकरवडी कोरडीच असायला हवी म्हणा.

हा सगळा खाऊ डोळ्यांविना विणा, अशी माझी आग्रहाची विनंती. हल्ली पुरणपोळीलाही दोन डोळे आणि हसू चिकटवायची पद्धत आहे. एक तर प्लास्टिकचे डोळे निघून तोंडात जायची भीती, आणि दुसरं म्हणजे हसणारी पुरणपोळी मला सोसत नाही.

सुताची खरी अडचण पुण्यात जून ते सप्टेंबर. भरलेला सुती मोदक धुतला की आतून लवकर वाळत नाही. बाहेरून कोरडा लागतो, दाबला की गार. सूत ओल धरून ठेवतं, ॲक्रिलिक फारशी धरत नाही. लोकरीचा मोदक रात्री पंख्याखाली ठेवला तर सकाळी खेळायला तयार. सुताला मला पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात, आणि घाई केली तर कुबट वास येतो. म्हणजे लोकरीला बुरशीचा भास आणि सुताला खऱ्या बुरशीचा धोका, असा हा पेच आहे. मी जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये फक्त पिळून काढतो, मग पंखा. शक्य तेवढं धुणं उन्हाळ्यातच उरकतो. ज्यांचं मूल खाऊ आमटीत बुडवणाऱ्यांपैकी आहे, त्यांनी लोकरीचाच विचार करावा, मी अडवणार नाही.

रंग जाण्याचंही बघून घ्या. स्वस्तातलं लाल सूत पांढऱ्या शेजाऱ्याला गुलाबी करतं. विणायच्या आधी हातभर तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला की कळतं.

घरगुती वस्तूंमध्ये तुलना लवकर संपते. गरम भांड्याशी संबंध असेल तर सूतच. ॲक्रिलिक ९० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पूर्ण दाबावरचा कुकर आतून १२० अंशांपर्यंत जातो आणि तवा त्याहून कितीतरी वर. विण चपटी होते, जास्त तापली तर वितळते, आणि वितळलेलं हाताला चिकटतं. सूत करपेल, पण चिकटणार नाही. तेही दुहेरी विणा, ओलं असताना धरू नका, वाफ लगेच आत येते. पेल्याखालच्या बैठकीलाही सूत, कारण थंड पेल्याचं पाणी ते पितं. लोकरीवर पाणी तसंच राहतं. घासणीला मात्र लोकर चांगली. जपानमध्ये ॲक्रिलिकच्या विणलेल्या घासण्या घरोघरी असतात. सुताची घासणी सिंकमध्ये कायम ओली राहते. पणतीखाली दोन्हींतलं काहीच ठेवू नका.

गौरीपुढे फराळाची ताटं मांडायची असतील, किंवा कुणाच्या रुखवतात विणलेले लाडू ठेवायचे असतील, तर बिनदिक्कत लोकर घ्या. कुणी हात लावत नाही, दुरून रंग उठून दिसतात, खर्च कमी, आणि एकवीस मोदक करताना अंगठाही वाचतो. तिथे सुताचा आग्रह धरणं मला उगाचचं वाटतं.

मधला मार्ग म्हणून मिश्र धागाही मिळतो, थोडं सूत आणि थोडं कृत्रिम, दुकानात 'मिल्क कॉटन' म्हणतात. मऊ असतो, रंग सुंदर. मी थोडा वापरला. पदर फार सुटतात आणि लवही येते, म्हणून मागे पडला. तुमचा हात वेगळा असेल तर जमेलही.

सुताने सुरुवात करणार असाल तर पाच रंग पुरे: मोतिया, गव्हाळ, हिरवा, लाल, हळदी पिवळा. सुई अडीच किंवा तीनची. पांढराशुभ्र घेऊ नका, तो लवकर मळतो आणि भात सोडला तर खऱ्या जेवणात फारसा कुठे नसतोही. मोतिया मात्र दुप्पट घ्या, आणि एकाच लॉटचा. मोदक, पाव, पनीर, लसूण, इडली, सगळे त्याच्यावरच तुटून पडतात, आणि पुढच्या वेळी तोच रंग मिळेल याची खात्री दुकानदारसुद्धा देत नाही.