सिक्लिडच्या टँकमध्ये कासार्ड्याची सिलिका वाळू: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

टँक चार फूट बाय दीड फूट. मासे सिक्लिड कुळातले, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले: यलो लॅब आणि इतर एम्बुना, म्हणजे तिथल्या खडकांत राहणारे सिक्लिड. गाव देवगड, पाणी घरच्या विहिरीचं. हे आधी सांगतोय, कारण वाळू कुठली घ्यायची ते मासे आणि पाणी या दोन गोष्टींवर ठरतं, रंग नंतरचा.

मी घातली ती कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याकडची पांढरी सिलिका, चाळून साधारण अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याची. स्विमिंग पूलच्या फिल्टरला वापरतात तशी. दोन इंचांच्या थराला जवळपास ४० किलो लागली. माझं मत स्पष्ट आहे: एम्बुना पाळत असाल तर हीच घ्या.

यलो लॅब दगडाच्या बुडाशी तोंड खुपसते, गालफडं फुगेपर्यंत वाळू भरते, वीतभर पुढे जाऊन थुंकते आणि परत तिथेच येते. सकाळी लाइट लावला की दगडाखाली नवा खड्डा आणि बाजूला ढीग तयार! दक्षिण अमेरिकेतले जिओफेगस नावाचे सिक्लिड तर तोंडात घेतलेली वाळू कल्ल्यांतून गाळतात. म्हणजे दाणा तोंडातून आणि कल्ल्यांतून जाणार, तो बोचरा असून चालत नाही. बांधकामाची क्रश सँड स्वस्त मिळते, पण ती फोडलेल्या दगडाची. चिमटीत चोळली की बोटांना टोचते. ती नकोच. आणि मासे असे खणतात म्हणून दगड आधी तळाच्या काचेवर टेकवा, वाळू मागाहून ओता. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोखरला गेला की थेट काचेवर कोसळतो.

‘दारात समुद्र असताना वाळू विकत कशाला?’ हे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. एक तर किनाऱ्यावरची वाळू उपसायला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांची, बंदी आहे. शिवाय तिच्यात मीठ, शिंपल्यांचा चुरा आणि बारीक कचरा असतो. रत्नागिरीत ‘काळा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्याची वाळू दिसायला सुंदर, पण तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं आहेत. असे कण पंपाच्या चुंबकी रोटरला चिकटले की पंप झिजतो. कुठलीही काळी वाळू घ्यायच्या आधी कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा.

सिलिका पाण्याचा पीएच बदलत नाही. आमच्याकडे तीच तिची एक उणीव. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, किंचित आम्ल. मलावीच्या माशांना मात्र ७.८ ते ८.६ पीएचचं कठीण पाणी लागतं. म्हणून तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) टरफलं उकळून, वाळवून, फोडून नेटलॉनच्या पिशवीत भरली आणि कॅनिस्टर फिल्टरमध्ये (टँकबाहेरच्या डब्यासारख्या फिल्टरमध्ये) ठेवली. टरफलातला चुना पाणी कठीण करतो, म्हणूनच त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतं, सिलिकावर काहीच होत नाही. विकतची वाळूही अशीच तपासता येते. टरफलं वाळूत मिसळण्यापेक्षा पिशवी बरी वाटली. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरून पाणी आणखी मऊ झालं, तेव्हा पिशवीत मूठभर टरफलं वाढवली, एवढंच.

आता त्रास. धुणं कंटाळवाणं आहे. बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावीच लागते, नाहीतर टँक दुधाळ होतो. सुरुवातीला तपकिरी शेवाळाचा थर येतो, पुढे आपोआप ओसरतो. पांढऱ्यावर विष्ठा लगेच दिसते. मला ते चालतं, दिसली म्हणजे काढली जाते. सायफनची नळी वाळूत न खुपसता बोटभर वर धरून फिरवायची. पांढऱ्या तळावर मासे थोडे फिकट दिसतात हेही खरं. रंगासाठीच पाळणाऱ्यांनी गडद दगड जास्त लावावेत. थर दोन इंचांपेक्षा जाड करू नका, खाली प्राणवायू पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास धरतो. फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवाच, उडालेले दाणे आत जातात.

आपल्या खाडीतला काळुंदरही सिक्लिडच. तो ठेवणाऱ्यांनाही हीच वाळू सुचवेन: तो अंडी दगडाला किंवा लाकडाला चिकटवतो, पण पिल्लं बाहेर आली की त्यांच्यासाठी तळाला खड्डे करतो, आणि ते या दाण्यात सहज होतात.