घरी येऊन ड्रेसिंग करणारी सर्व्हिस, सिंहगड रोड: सिस्टरला पाच स्टार, ऑफिसला दोन

काकांचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र पूर्ण काढलं, डिस्चार्जनंतर रोज ड्रेसिंगला हॉस्पिटलात नेणं शक्य नव्हतं म्हणून ही सर्व्हिस लावली.

सिस्टर एक नंबर. आल्या आल्या पट्टीला हात नाही, आधी फाईल मागितली आणि चौकशी सुरू, आधी रेडिएशनचे शेक घेतलेले का, शुगर किती, तंबाखू कधी सोडली, थायरॉइड तपासलंय का. काकू म्हणाल्या अहो जखम गळ्याला, थायरॉइडचं काय मध्येच? तर म्हणाल्या शेक घेतलेल्या कातडीला रक्त कमी पोचतं, टाके लवकर धरत नाहीत, त्यात शेकाने थायरॉइडपण मंदावतं आणि मग जखम भरतच नाही लवकर. आतली घशाची शिवण सुटली की थुंकी मानेतून बाहेर झिरपते, तो फिस्टुला, या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त भीती त्याचीच. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली किंवा अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, 3.5 च्या खाली असेल तर धोका अजून वाढतो. काकांचं अल्ब्युमिन 2.9! रिपोर्ट फाईलमध्येच होता, आम्हाला कोणी एवढं फोड करून सांगितलं नव्हतं. नंतर डॉक्टरांना विचारून नाकातल्या नळीतून द्यायचं प्रोटीन वाढवलं आणि थायरॉइडची टीएसएच टेस्ट पण करून घेतली.

काढलेलं गॉज त्या खिडकीपाशी उजेडात धरून बघायच्या, वास घ्यायच्या. काकूंनाही शिकवलं, थोडं पिवळट पाणी ठीक, पण चिकट फेसाळ काही दिसलं, आजूबाजूला लाल झालं किंवा ताप आला तर माझी वाट बघू नका, थेट सर्जनला फोन.

आता ऑफिस. सिस्टर सुट्टीवर असताना न सांगता एक नवीन पोरगा पाठवला, तो काकांना म्हणे दोन घोट चहा घ्या, काय होतंय! नाकात राइल्स ट्यूब, म्हणजे तीच जेवणाची नळी, तोंडाने पाणीसुद्धा बंद, काकूंनी कपच ओढून घेतला हातातला. तक्रार करायला फोन केला तर दुपारी एक ते चार कोणी उचलत नाही, पुणंच आहे शेवटी. वेळ अकराची सांगतात आणि रोडच्या ट्रॅफिकवर ढकलून साडेबाराला येतात.

लावायची असेल तर गळ्याच्या ऑपरेशनचे पेशंट सांभाळलेली सिस्टरच हवी आणि बदली पाठवायच्या आधी फोन हवा, हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. गॉज-कापूस आपला आपण मेडिकलमधून आणा, हे बिलात जवळजवळ दुप्पट लावतात.